आजारपण येण्याआधी : आपल्या घराला कोणता आरोग्य विमा लागू आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक भाऊ कामावर पडले. उरणच्या बाजूला एका गोदामात ते ठेकेदाराकडे हमाली करतात. मांडीचे हाड मोडले. मुकादमाने जवळच्या खासगी दवाखान्यात नेऊन सोडले आणि तो निघून गेला. आधी पैसे भरा, मग ऑपरेशन, असे तिथे सांगण्यात आले. वहिनींनी अंगावरचे सोने गहाण ठेवले, बचत गटातून उचल घेतली, उरलेले व्याजाने काढले. पावणेदोन लाख रुपये गेले.

महिन्याभराने आम्ही भेटायला गेलो तेव्हा पगाराच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. प्रत्येक चिठ्ठीवर ‘ईएसआय’ अशी कपात होती. दोन वर्षे दर महिन्याला पैसे कापले जात होते आणि विमा कार्यालयात त्यांचे नावही नोंदलेले होते. पण विमा क्रमांक त्यांना कोणी दिला नव्हता आणि आपण मागायचा असतो हे त्यांना माहीत नव्हते. नंतर धावपळ करून बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळाली. दवाखान्यात गेलेले पैसे मात्र आजवर परत आलेले नाहीत.

असे दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे पान. मुंबई, ठाणे, रायगड या किनारपट्टीच्या जिल्ह्यांत आपली माणसे गोदामात, मासळीच्या कारखान्यात, बांधकामावर, घरकामाला, सफाईला आहेत. बहुतेकांना कोणता ना कोणता विमा लागू असतो. तो कोणता, हे आजारी पडण्याआधी शोधायचे आहे.

पहिला मार्ग : कामामुळे मिळणारा विमा

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. आपल्या भागात तिला ‘कामगार विमा’ म्हणतात. तिच्या उभारणीशी बाबासाहेबांचा थेट संबंध आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे देण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. पुढे १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. म्हणजे हा विमा मालकाची मेहेरबानी नाही, कायद्याने मिळालेला हक्क आहे.

कोणाला लागू? दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या कारखान्यातील आणि कायद्यात येणाऱ्या इतर आस्थापनांतील कामगारांना, महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो. किलोवर कोळंबी सोलणारी ताईही येते, कारण नगावर किंवा वजनावर मिळणारे पैसे ही मजुरीच आहे. काही हंगामी कारखाने वगळलेले आहेत. म्हणून आपल्या ठिकाणी योजना लागू आहे का, हे शाखा कार्यालयात विचारून घ्यावे.

पैसे किती कापतात? पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचे आणि सव्वातीन टक्के मालकाचे. पगार १५,००० असेल तर आपले सुमारे ११३ रुपये आणि मालकाचे सुमारे ४८८ रुपये. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे बेकायदा आहे. चिठ्ठीवर सहाशे रुपये कापलेले दिसले तर लगेच विचारा.

मिळते काय?

• कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार. साध्या तापाच्या औषधापासून रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत. नवरा किंवा बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांची नावे नोंदवता येतात.

• आजारपणात घरी बसावे लागले तर मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. १५,००० पगाराला दिवसाचे साधारण ३५० रुपये पडतात. यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

• कामावर अपघात झाला तर मजुरीच्या ९० टक्के रक्कम. इथे इतके दिवस वर्गणी भरलेली हवी, अशी अट नाही.

• बाळंतपणासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते.

आजारपणाची आणि अपघाताची रक्कम मिळण्यासाठी विम्याच्या डॉक्टरचा दाखला लागतो. आमच्या भावाची अडचण इथेच झाली. खासगी दवाखान्याच्या कागदांवरून पुढची कामे करताना फार फेऱ्या माराव्या लागल्या.

तपासायचे कसे? मुकादमाकडे किंवा ऑफिसात दहा आकडी विमा क्रमांक मागा. त्यावरून ‘पहचान कार्ड’ काढता येते. कार्डावर आपल्यासाठी नेमलेला दवाखाना दिलेला असतो. घरच्यांची नावे त्यावर आहेत का, हे बघा. टाळाटाळ झाली तर १८००-११-२५२६ हा मोफत क्रमांक आहे, नाहीतर शाखा कार्यालयात जा. ‘ठेकेदाराने भरले नाही, आम्ही काय करणार?’ हे मोठ्या कंपनीचे उत्तर चालत नाही. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाईल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहे. गेटपास, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेतील नोंद यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. भांडण झालेच तर तोच पुरावा.

दुसरा मार्ग : रेशनकार्डामुळे मिळणारा विमा

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि रायगड होते. २०१७ मध्ये तिला जोतिरावांचे नाव मिळाले. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर चालते. जुलै २०२४ पासून पिवळे, केशरी आणि पांढरे अशा सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हप्ता भरावा लागत नाही. कार्ड गावाकडचे असले तरी ते महाराष्ट्रातील असेल तर मुंबईत चालते.

तीन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ही योजना दाखल होऊन करायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस, मोडलेल्या हाडाचे ऑपरेशन असे मोठे खर्च यात येतात. सर्दी-तापाची किंवा बीपीची रोजची गोळी यात येत नाही. दोन, ती फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत चालते, मग ते सरकारी असो की खासगी. तीन, नाव जुळले पाहिजे. सून घरात येऊन पाच वर्षे झाली तरी तिचे नाव माहेरच्या कार्डावर, बाळाचे नाव कुठेच नाही, आधारवर एक आडनाव आणि रेशनकार्डावर दुसरे. घाईच्या वेळी माणूस इथेच अडतो.

आयुष्मान कार्ड घरातील प्रत्येकाचे वेगळे निघते. सेवा केंद्रात किंवा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधार आणि रेशनकार्ड घेऊन जा. ७० वर्षे पूर्ण झालेल्या आजी-आजोबांना, घरचे उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मानचे स्वतंत्र कार्ड काढता येते.

रोजच्या औषधांसाठी सरकारी दवाखाना आहेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांचे दर वेगळे असतात.

नाक्यावरचे, बोटीवरचे आणि घरकामाचे कामगार

गवंडी, बिगारी, रंगारी, सेंट्रिंगवाले यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मंडळाकडून बाळंतपण आणि गंभीर आजारासाठी मदत मिळते. नोंदणीचे नूतनीकरण विसरू नका. मुदत संपलेल्या कार्डावर मदत मिळत नाही.

मासेमारीच्या बोटीवर जाणाऱ्यांसाठी मत्स्यसंपदा योजनेत अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख रुपये. त्याचा हप्ता सरकार भरते. आपले नाव यादीत आहे का, हे मच्छीमार सोसायटीत किंवा मत्स्यव्यवसाय खात्यात विचारावे.

धुणीभांडी करणाऱ्या ताईंना बहुतेक वेळा ईएसआय नसते. त्यांचा आधार रेशनकार्डाचीच योजना. म्हणून त्यांनी ते कार्ड आधी नीट करून घ्यावे.

कोणते कार्ड म्हणजे उपचाराचा विमा नव्हे?

ई-श्रम कार्ड ही असंघटित कामगाराची नोंद आहे. ते दाखवून दवाखान्याचे बिल भरले जात नाही. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात तो अपघात विमा आणि ४३६ रुपये कापले जातात तो जीवन विमा. दोन्ही उपयोगाचे आहेत, सुरू ठेवावेत. पण आजाराच्या उपचारासाठी त्यांतून पैसे मिळत नाहीत.

दवाखान्यात पोहोचल्यावर

कामावरचा अपघात असेल तर मुकादमाला विमा क्रमांक सांगा आणि अपघाताची नोंद त्याच दिवशी करायला लावा. ईएसआय नसेल तर पैसे भरण्याआधी विचारा, ‘इथे फुले योजना आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?’ जीव धोक्यात असेल तर कागदांसाठी थांबू नका, १०८ ला फोन करून रुग्णाला आधी हलवा. योजनेत दाखल करून घेऊनही पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर तक्रार करा.

योजनेत बसत नसेल तर आणखी एक मार्ग आहे. सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे धर्मादाय, रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. मुंबईतील अनेक मोठी खासगी रुग्णालये यात येतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड उपयोगी पडते. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा.

या रविवारी एवढे करू या

१. घरातील कमावत्या प्रत्येकाची पगाराची चिठ्ठी काढा. ईएसआयची कपात आहे का? असेल तर विमा क्रमांक आहे का?

२. रेशनकार्डावर घरातील सगळ्यांची नावे आहेत का, ती आधारशी जुळतात का?

३. आयुष्मान कार्ड कोणाकोणाचे काढायचे राहिले?

४. आपल्या जवळचे योजनेतील रुग्णालय कोणते? त्याचे नाव आणि वरचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांचे कागद शेजारच्या शिकलेल्या मुलामुलींनी बघावेत. आम्ही आमच्या वस्तीत रविवारच्या वंदनेनंतर तासभर हेच काम करतो. पहिल्या बैठकीला नऊ घरांचे कागद आले. त्यातल्या चौघांची ईएसआयची कपात होत होती आणि एकाकडेही विमा क्रमांक नव्हता. आता चौघांकडेही आहे.

जय भीम.