कष्टाचे चीज

आपल्या मराठीत एक बोलणे आहे. मुलगा शिकून चांगल्या मार्गाला लागला, की आई म्हणते, "माझ्या कष्टाचं चीज झालं." आज ज्या माणसाची हकिगत सांगणार आहे, त्याच्या घरी खरोखरच कष्टाचे चीज होत असे. दुधापासून करतात ते चीज. आणि पुढे त्याच्या स्वतःच्या कष्टाचेही चीज झाले. पण ते लवकर झाले नाही. वाटेत पुष्कळ ठेचा लागल्या.

त्या माणसाचे नाव कार्लो आन्चेलोत्ती. नाव जरा अवघड आहे. घाबरू नका. आधी तोडून वाचा: आन्-चे-लो-त्ती. आता एका दमात वाचा. जमले ना? मग पुढे चला.

१. गाईंचे घर

इटली हा युरोपातला एक देश. नकाशात तो उंच बुटासारखा दिसतो. त्याच्या उत्तर भागात पो नावाची मोठी नदी आहे. नदीकाठची जमीन सपाट आणि कसदार. तिथल्या रेज्जोलो गावी १० जून १९५९ रोजी कार्लोचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे. वडील शेती करीत, गाई पाळीत आणि दुधाचे चीज करीत.

त्या भागातले चीज जगात नावाजलेले आहे. त्याला पार्मेझान म्हणतात. गाडीच्या चाकाएवढा त्याचा जाड गोळा असतो. एका गोळ्याचे वजन सुमारे चाळीस किलो. त्याला पाचशे लिटरहून जास्त दूध लागते. दुधाचा गोळा करायचा, दाबायचा, मिठाच्या पाण्यात ठेवायचा आणि मग लाकडी फळीवर मांडून ठेवायचा. किती दिवस? निदान बारा महिने. पुष्कळदा दोन वर्षे. तोवर रोज पहाटे उठा, गाईंची धार काढा, शेण काढा, चारा घाला. कष्ट रोजचे, पण फळ वर्षाने.

कार्लोचे वडील शांत स्वभावाचे होते. ते आवाज चढवून बोलत नसत, असे तो स्वतः सांगतो. वाट बघणे आणि आवाज न चढवणे, या दोन गोष्टी तो घरीच शिकला. शाळेत त्या कोणी शिकवत नाही. मी मास्तर होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

२. मधल्या फळीतला गडी

आता फुटबॉलचे थोडे बघू. आपल्याकडे कोल्हापुरात या खेळाचे मोठे वेड आहे. तिथे तालीम मंडळांचे संघ आहेत, आणि सामन्याला सारी पेठ लोटते. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल, त्यांच्यासाठी सांगतो.

एका बाजूला अकरा गडी असतात. खेळ नव्वद मिनिटांचा. मधे थोडी विश्रांती. चेंडू पायाने मारायचा आणि समोरच्यांच्या जाळ्यात घालायचा. त्याला गोल म्हणतात. आपल्या जाळ्यापाशी एक गोलरक्षक असतो. तेवढा एकच गडी चेंडूला हात लावू शकतो, तोही जाळ्याजवळ आखलेल्या चौकोनात. त्याच्या पुढे बचावाची फळी. सगळ्यांत पुढे चढाईची फळी. आणि दोन्हींच्या मधे जी असते ती मधली फळी.

विहिरीचा गाळ काढताना आपण काय करतो? माणसे ओळीने उभी राहतात आणि पाट्या हातोहात वर जातात. खालचा भरतो, वरचा ओततो. मधला नुसता देतो-घेतो. त्याचे कौतुक कोणी करीत नाही. पण तो ढिला पडला, की पाटी खालच्याच्या डोक्यावर! फुटबॉलमधे मधल्या फळीचे काम तसेच आहे. कार्लो हा मधल्या फळीतला गडी होता.

जवळच पार्मा नावाचे शहर आहे. तिथल्या संघाकडून तो १९७६-७७ च्या हंगामात प्रथम खेळला. संघ तेव्हा तिसऱ्या वर्गात होता. आपल्या शाळेत वर्ग असतात ना, तसे तिकडे संघांचे वर्ग असतात. चांगले खेळले तर वर चढवतात, वाईट खेळले तर खाली बसवतात. १९७९ साली वर चढण्यासाठी शेवटचा सामना झाला. त्यात कार्लोने दोन गोल केले. पार्मा वर चढला. आणि त्याच वर्षी देशाच्या राजधानीतल्या रोमा संघाने कार्लोला बोलावून घेतले.

३. गुडघा

खेड्यातला पोरगा राजधानीत गेला. खेळ चांगला चालला होता. १९८१ च्या जानेवारीत तो देशाच्या संघातूनही खेळला. आता पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धा होती. ती चार वर्षांतून एकदा येते.

पण १९८१ च्या ऑक्टोबरमधे एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. आतला सांधा धरून ठेवणारी दोरी तुटली. तिला अस्थिबंध म्हणतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वय अवघे बावीस. पुढे कित्येक महिने खेळ बंद.

१९८२ साली स्पेन देशात जागतिक स्पर्धा झाली. इटलीने ती जिंकली. आणि कार्लो त्या संघात नव्हता.

वाचकहो, वर्षभर राबावे आणि सुगीच्या दिवशी आपणच अंथरुणावर असावे, तशी ही गोष्ट. दुसरा कोणी खचला असता. तो पुन्हा पळायला शिकला. १९८३ साली रोमा संघ इटलीत पहिला आला. हा मान रोमाला एकेचाळीस वर्षांनी मिळाला. कार्लो त्यात खेळला होता.

झाले, आता सुख लागले असे वाटते ना? त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुडघ्याला पुन्हा मोठी दुखापत झाली. १९८४ च्या मे महिन्यात रोमा संघ युरोपच्या अंतिम सामन्यात गेला. सामना त्यांच्याच गावी, त्यांच्याच मैदानावर. कार्लो खेळू शकला नाही. रोमा हरला.

तो पुन्हा उभा राहिला, आणि पुढे त्या संघाचा नायकही झाला.

४. दोन गुरू

गुरू नसता तर हा माणूस घडला नसता. त्याला दोन गुरू मिळाले.

पहिले गुरू रोमा संघाचे वस्ताद, नील्स लीडहोल्म. ते मूळचे स्वीडन देशाचे. फार शांत माणूस. आरडाओरडा न करता संघ कसा चालवावा, हे कार्लोने त्यांच्यापाशी पाहिले.

दुसरे गुरू मिलान संघाचे वस्ताद, आरिगो साकी. हे पूर्वी जोड्यांच्या धंद्यात होते. मोठ्या संघातून ते कधीच खेळले नव्हते. "घोडेस्वार होण्यासाठी आधी घोडा व्हावे लागत नाही," अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. १९८७ साली त्यांना कार्लो हवा होता. गुडघ्याची अवस्था पाहून संघाचा मालक बिचकला. साकी मात्र अडून बसले. त्यांना त्याच्या गुडघ्यापेक्षा त्याचे डोके हवे होते.

साकींचा भरवसा खरा ठरला. १९८८ साली मिलान इटलीत पहिला आला. १९८९ आणि १९९० साली त्याने युरोपचा चषक जिंकला. १९८९ च्या उपान्त्य सामन्यात मिलानने रेआल माद्रिद या स्पेनमधल्या बलाढ्य संघाला पाच-शून्य असे हरवले. त्यातला पहिला गोल कार्लोचा होता, आणि तोही लांबून मारलेला. १९९२ साली त्याने खेळणे थांबवले. देशासाठी तो एकंदर २६ सामने खेळला.

५. वस्तादाची चूक

खेळणे संपले. आता पुढे काय? तो साकींच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. साकी तेव्हा देशाच्या संघाचे वस्ताद झाले होते. १९९४ साली अमेरिकेत जागतिक स्पर्धा झाली. इटली अंतिम सामन्यात पोचला आणि ब्राझीलकडून हरला. १९९५ साली कार्लोने आपल्याच जिल्ह्यातला रेज्जाना संघ हाती घेतला आणि वर्षभरात तो पहिल्या वर्गात चढवला. १९९६ साली त्याला त्याच्या जुन्या पार्मा संघाने बोलावले.

इथे त्याच्या हातून एक चूक झाली.

साकींनी शिकवलेली एक पक्की मांडणी त्याच्या डोक्यात बसली होती. बचावाला चार, मधे चार, पुढे दोन. याबाहेर जायचे नाही. १९९७ साली रॉबेर्तो बाज्जो हा इटलीचा फार गुणी खेळाडू पार्मात येण्याच्या बेतात होता. पण बाज्जोची जागा त्या मांडणीत कुठेच बसेना. कार्लोने त्याला नको म्हटले. बाज्जो दुसऱ्या संघात गेला आणि त्या हंगामात त्याने २२ गोल केले!

कार्लोने पुढे ही चूक उघड कबूल केली. नुसती कबूल केली नाही, सुधारली. १९९९ साली तो युव्हेन्टस संघाचा वस्ताद झाला. तिथे झिदान नावाचा तसाच गुणी खेळाडू होता. या वेळी कार्लोने माणसासाठी मांडणी बदलली.

हे वाचून मला माझी एक गोष्ट आठवली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा डाव्या हाताने लिहायचा. अक्षर मोत्यासारखे. मी म्हटले, "उजव्या हातानेच लिहायचं. शाळेची शिस्त आहे." तसा कुठे लेखी नियम नव्हता. तो माझ्याच डोक्यातला होता. पोराचे अक्षर बिघडले, मग पाठांतर बिघडले, आणि दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. कार्लोला दुसरा गुणी गडी मिळाला, म्हणून चूक सुधारता आली. मला तो मुलगा पुन्हा मिळाला नाही. नियम माणसासाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो. हे मला उशिरा कळले.

६. तोंडचा घास

युव्हेन्टसकडे असताना २००० साली एक प्रसंग घडला. हंगामाचा शेवटचा सामना. पाऊस असा कोसळला, की मैदानाचे तळे झाले. तासाहून अधिक वेळ खेळ थांबला. पुढे खेळ झाला आणि युव्हेन्टस एका गोलाने हरला. एका गुणाने पहिला नंबर गेला. पुढच्या वर्षीही दुसराच नंबर आला. २००१ साली कार्लोला काढून टाकले.

त्याच वर्षी मिलानने त्याला बोलावले. २००३ साली त्याने मिलानला युरोपचा चषक मिळवून दिला. मग आला २००५ सालचा मे महिना. गाव इस्तंबूल, सामना लिव्हरपूल या इंग्लंडच्या संघाशी. अर्ध्या वेळेला मिलान तीन-शून्य असा पुढे! लोकांनी सामना संपला असेच धरले. पण लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल केले. बरोबरी झाली आणि शेवटी मिलान हरला. तोंडचा घास गेला.

दोन वर्षांनी, २००७ साली, ग्रीस देशातल्या अथेन्स शहरी पुन्हा अंतिम सामना झाला. समोर पुन्हा तोच लिव्हरपूल. या वेळी मिलान दोन-एक असा जिंकला.

७. पाच देश

यानंतर तो देशोदेशी गेला. इंग्लंडमधे चेल्सी संघाला २०१० साली पहिला नंबर मिळवून दिला. पुढच्याच वर्षी तिथून काढले. फ्रान्समधे पॅरिसच्या संघाला २०१३ साली पहिले आणले. मग स्पेनमधे रेआल माद्रिदला २०१४ साली युरोपचा चषक दिला. हा त्या संघाचा दहावा चषक. बारा वर्षे ते याची वाट पाहत होते. तरी २०१५ साली काढले! जर्मनीत बायर्न संघाला २०१७ साली पहिले केले. त्याच वर्षी तिथूनही काढले. २०१९ साली इटलीत नापोलीनेही काढले.

आणि २०२१ साली काय झाले? ज्या रेआल माद्रिदने घालवले होते, त्याच संघाने मानाने परत बोलावले. त्याने जुने उगाळले नाही. कामाला लागला. २०२२ साली स्पेनमधला पहिला नंबर आणि युरोपचा चषक, दोन्ही मिळाले. २०२४ सालीही दोन्ही मिळाले.

इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन हे युरोपातल्या फुटबॉलचे पाच मोठे देश. या पाचही देशांत आपला संघ पहिला आणणारा तो पहिला वस्ताद. युरोपचा चषकही त्याने वस्ताद म्हणून पाच वेळा जिंकला. २०२५ साली ब्राझील देशाने आपला संघ त्याच्या हाती सोपवला. १९९४ साली याच ब्राझीलने त्याच्या देशाला हरवले होते. तेव्हा त्याचे वय पासष्ट वर्षांचे होते.

८. आपण काय घ्यावे?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आम्हाला फुटबॉलचे काय? आमची शेती, आमची गुरे." खरे आहे. पण शांतपणे विचार करा. बावीस वर्षांचा गडी गुडघा मोडल्यावर पुन्हा पळायला शिकला. तुमच्यापैकी कोणी तिशीत, कोणी पन्नाशीत हातात पाटी धरली. लोक हसले असतील. बोटे वळत नसतील. तरी आज तुम्ही हा धडा इथवर वाचलात.

दूध आज काढले म्हणजे आज चीज होत नाही. ते फळीवर ठेवावे लागते. वाट पाहावी लागते. पण दूधच काढले नाही, तर वाट कशाची पाहणार?

शब्दांचे अर्थ

हंगाम – खेळाचे वर्ष. अस्थिबंध – हाडे जोडून ठेवणारी दोरी. मांडणी – गडी कुठे उभे करायचे याची रचना. उपान्त्य – शेवटच्या आधीचा. चषक – जिंकल्यावर मिळतो तो पेला.

प्रश्न

१. चीज तयार व्हायला निदान किती महिने लागतात?
२. मधल्या फळीतल्या गड्याचे काम कशासारखे आहे?
३. १९८२ सालच्या जागतिक स्पर्धेत कार्लो का नव्हता?
४. बाज्जोच्या बाबतीत त्याची काय चूक झाली? ती त्याने कशी सुधारली?
५. तुमच्या हातून झालेली आणि तुम्ही सुधारलेली एखादी चूक आठवा. पाच ओळी लिहा. अक्षर कसेही आले तरी चालेल, आणि हात कोणताही चालेल.