इमारतीचे बाह्य आवरण आणि गृहकर्जदार

रायपूरच्या भनपुरीतील कार्यालय असो की पुण्यातील गृहसंकुल, दर्शनी भाग चकचकीत दिसावा म्हणून बसविलेले अ‍ॅल्युमिनियमचे पॅनेल आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. कारागीर त्यास ‘एसीपी शीट’ म्हणतात. या पॅनेलच्या पोटात काय आहे, हे सदनिकाधारकांनी आणि त्यांना कर्ज देणाऱ्या बँकेनेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

सर्वसाधारण पॅनेल 4 मिलिमीटर जाडीचे असते. दोन्ही बाजूंस अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि मध्ये 3 मिलिमीटरचा गाभा. हा गाभा पॉलिथिलीनचा असेल, तर भिंतीवर इंधनच टांगल्यासारखे होते. उष्णतेने तो वितळतो, पेटते थेंब खाली गळतात आणि पॅनेलमागील पोकळी धुराड्याप्रमाणे ज्वाळा वर खेचते. खनिजयुक्त गाभ्याचे पॅनेल बाहेरून अगदी तसेच दिसते. खात्रीसाठी नमुना कापून प्रयोगशाळेत तपासावा लागतो.

लंडनच्या 24 मजली ग्रेनफेल टॉवरचे नूतनीकरण रहिवासी घरात राहत असतानाच 2016 मध्ये पूर्ण झाले. जस्ताच्या आवरणाऐवजी पॉलिथिलीन गाभ्याचे पॅनेल निवडल्याने सुमारे 2,93,000 पौंड वाचले. 14 जून 2017 रोजी मध्यरात्रीनंतर चौथ्या मजल्यावरील स्वयंपाकघरात शीतकपाटापाशी लागलेली आग बाहेरच्या आवरणास भिडली आणि अर्ध्या तासाच्या आत माथ्यापर्यंत पोहोचली. 72 जणांचा मृत्यू झाला.

पुढचा भाग बँकेच्या ग्राहकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. ब्रिटनमधील कर्जदात्या संस्था अशा इमारतींतील सदनिका तारण घेण्यास कचरू लागल्या. डिसेंबर 2019 पासून बाह्य भिंतीच्या तपासणीचे एक विशेष प्रपत्र प्रचारात आले. ते नसल्यास अनेक सदनिकांचे मूल्यांकन शून्य होऊ लागले. घर आहे, हप्ते चालू आहेत, परंतु विकता येत नाही, अशा कोंडीत हजारो कुटुंबे सापडली. शिवाय आवरण बदलेपर्यंत रात्रंदिवस गस्त ठेवण्याचा खर्च कित्येक ठिकाणी रहिवाशांच्याच माथी आला. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या अहवालात देशभरातील असुरक्षित आवरणे बदलण्याचा अंदाजित खर्च सुमारे 16.6 अब्ज पौंड इतका होता. 2,93,000 पौंडांच्या बचतीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा!

राहत्या इमारतीत हे काम टप्प्याटप्प्याने होते. एका बाजूस परात बांधून जुने पॅनेल उतरवितात, फोमऐवजी दगडी लोकरीचे उष्णतारोधक बसवितात, प्रत्येक मजल्याशी पोकळीत अग्निरोधक आडपट्टी घालतात आणि मगच खनिजयुक्त वा भरीव धातूचे पॅनेल चढवितात. आडपट्टी वरून झाकली जात असल्याने तिची पाहणी पॅनेल चढण्यापूर्वीच करून छायाचित्रे ठेवावी लागतात. दुरुस्तीचे साहित्यही निर्धोक हवे. हाँगकाँगच्या वांग फुक कोर्ट या वसाहतीत 26 नोव्हेंबर 2025 रोजी दुरुस्ती चालू असताना आग लागली आणि परातीवरील जाळी व खिडक्यांवर लावलेले फोमचे तक्ते पेटले. दीडशेहून अधिक रहिवासी दगावले.

खर्चाची तजवीज कोठून करावी? महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीस आणि किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडास द्यावयाचे असतात. बांधकाम खर्च 20 लाख रुपये धरल्यास ही रक्कम वर्षाला अनुक्रमे 15,000 व 5,000 रुपये होते. मासिक शुल्क कमी दिसावे म्हणून अनेक संस्था याच रकमांना कात्री लावतात, असा आमचा अनुभव आहे.

नवे आवरण बसविणार असाल, तर कंत्राटदाराच्या दरपत्रकात ‘एसीपी’ एवढेच न लिहिता गाभ्याचा प्रकार व चाचणी अहवाल नमूद करवून घ्यावा आणि आलेल्या मालातील एक कापलेला तुकडा संस्थेच्या दप्तरी जपून ठेवावा.