रोख साहाय्याचा उपयोग

दुष्काळग्रस्तांस रोकड दिल्यास ती व्यसनांत उडेल, अशी शंका कित्येक दाते आम्हांपाशीं काढितात. २०११ सालीं मध्यप्रदेशांतील आठ गांवीं ‘सेवा’ या स्त्री-संघटनेनें दर प्रौढास दरमहा २०० व दर मुलास १०० रुपये विनाअट देण्यास आरंभ केला. पुढें ते ३०० व १५० झाले. दारूचा खर्च वाढल्याचें आढळलें नाहीं. उलट मुलांचें पोषण सुधारलें, बियाणें व जनावरें घेतलीं गेलीं.

बाजारीं धान्य असूनही गांठीं पैसा नसला म्हणजे शेतकरी बैल मातीमोल विकितो. मग पाऊस पडूनही पेरणी होत नाहीं. वेळेवर पोंचलेली रोकड ते बैल राखिते. मात्र धान्यच नसेल तेथें रोकडीनें भाव चढतात. तेथें धान्यच द्यावें.

सबब व्यापाऱ्यांनीं रास्त भावानें धान्य पुरवावें, जमीनदारांनीं खंड तहकूब करावा, व सर्वांनीं बैल बाजारांत जाण्यापूर्वींच वर्गणी पाठवावी, ही विनंति.