वेणी, फणी, करंडा आणि कडाकण्यांची माळ

नवरात्रात घटावर कडाकण्यांची माळ बांधायची पद्धत कोल्हापुरात आजही घरोघरी आहे. कुणाकडे पाचव्या माळेला बांधतात, कुणाकडे सातव्या, कुणाकडे अष्टमीला. नुसत्या गोल कडाकण्यांवर काम भागत नाही. त्याच पिठाची देवीची वेणी, फणी, करंडा, जोडवी, पाळणा असं सगळं करायचं, तळायचं आणि दोऱ्यात ओवून घटावर टांगायचं. हा फुलोरा. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात फुलोऱ्याचं काम पहिल्यापासून पोरांचं. सासूबाई ते करून घ्यायच्या, आता मी करून घेते. माझी नातवंडं असतात, शेजारची चारदोन येतात आणि स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरत नाही. इतक्या वर्षांत हाताला आणि डोक्याला जे कळलं ते इथे मांडते आहे.

१. केलेल्या खाऊला जायला ठिकाण हवं.

सगळ्यात आधी हे सांगते, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे. सुट्टीत मुलांना बिस्किटांची घरं, चॉकलेटचे प्राणी करायला शिकवणारे वर्ग असतात. मुलं रमतात, फोटो निघतात आणि घरी आल्यावर तो पदार्थ डब्यात पडून राहतो. आपल्याकडे सणाचा खाऊ तसा राहत नाही. कडाकणी देवीकडे जाते. बेंदराची कडबोळी बैलाच्या शिंगात जातात. हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या किंवा पहिल्या संक्रांतीच्या बाळाच्या अंगावर चढतात. पाडव्याची साखरेची माळ गुढीला जाते. आपण करतोय ते अमक्या दिवशी अमक्या जागी लागणार आहे, हे मुलाला ठाऊक असलं की त्याचा हात बदलतो. माझा धाकटा नातू एरवी पाच मिनिटं एका जागी बसत नाही, पण ‘देवीची फणी तुझ्याकडे’ म्हटलं की जीभ बाहेर काढून दाते कापत बसतो. म्हणून मुलांना घेऊन काही करायचं असेल तर आधी ते कुठे द्यायचं हे ठरवा. सण नसला तर शेजारच्या आजींना द्या, वाढदिवसाला द्या, पण ठिकाण ठरवूनच पिठात हात घाला.

२. खेळायचं पीठ आणि खायचं पीठ एकच असतं, पण ते मळायचं निराळं.

दोन वाट्या कणीक, पाव वाटी बारीक रवा, अर्धी वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, गार करून घ्यायचा आणि त्याच पाण्यात पीठ घट्ट मळायचं. पुरीपेक्षा घट्ट. मळून अर्धा तास झाकून ठेवलं की रवा फुगतो आणि पीठ हाताला ऐकायला लागतं. कुणी गुळाऐवजी साखर घालतात, कुणी मैदा. गुळाच्या पिठाला खमंग रंग येतो, पण ते लवकर करपतं, म्हणून आच मंद हवी. गूळ जास्त झाला तर तेलात वेणीचे पेड सुटे होतात.

आकारांचं म्हणाल तर प्रत्येकाची आपली एक खोड आहे. वेणीचे पेड करंगळीच्या निम्म्या जाडीचे ठेवा, नाहीतर वरून लाल आणि आतून कच्ची राहते. फणीचे दाते लांब-लांब कापा, तळताना ते फुगून एकमेकांना चिकटतात. करंडा पोकळ करायला जाऊ नये. पोरांना तो झाकणासकट हवा असतो, पण पोकळ आकार तेलात कलंडतो आणि एका बाजूने काळा होतो. चपटा लाटून वर काडीने झाकणाची रेघ ओढली की पुरतं. गोल कडाकणीला काट्याने भरपूर टोचे द्या म्हणजे ती पुरीसारखी टम्म होणार नाही. दोऱ्यासाठीचं भोक कच्चेपणीच पाडायचं आणि वाटतं त्याच्या दुप्पट मोठं पाडायचं, कारण तळताना ते आवळतं. तळल्यावर भोक पाडायला गेलं की कडाकणी मोडते आणि मग रडारड.

रंगाची हौस असेल तर हळद घाला, ती तेलातही पिवळी राहते. बिटाचा रस मुलांना फार आवडतो, पण तो रंग तापात टिकत नाही, तळून निघेपर्यंत तपकिरी होतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तळणीजवळ लहान मूल नको. यावर मी कुणाचं ऐकत नाही.

३. नमुना पुस्तकात शोधू नका, गावात दाखवा.

मोठ्या नातीने मागे विचारलं, “आज्जी, देवीला वेणी हाय, फणी हाय, मग साज का न्हाई? मी करतो की.” प्रश्न रास्त होता. तिला घेऊन गुजरीत गेले. कोल्हापुरी साजाला २१ पानं असतात. दुकानदाराने काचेवर साज पसरून एकेक पान बोटाने दाखवलं: चंद्र, शंख, कासव, मासा, कारलं, बेलपान. मधली जरा मोठी पदकं, दोन्ही बाजूंना सारखी पानं. पोरगी काही न बोलता बघत होती. घरी आल्यावर तिने वहीत काढलं आणि मग पिठाला हात लावला.

एवढुसं कारलं कणकेचं करायचं तर अंगावरचे काटे कसे उठवायचे? किसणीच्या बारीक बाजूवरून पिठाची वळी हलकेच फिरवली की काटे उमटतात, हे तिचं तिनेच शोधलं. कासवाच्या पाठीवर चौकटी पाडायला तिने चहाची गाळणी दाबली. मासा सगळ्यांनाच जमतो. शंखाचा पीळ मात्र कुणालाही जमत नाही, त्याचं गोगलगाईचं वेटोळं होतं आणि आम्ही ते तसंच ओवतो. २१ पानं एका वेळी होतातच असं नाही. जेवढी होतील तेवढ्यांचा साज देवीला चालतो.

गुजरीतून महाद्वार रोडला या, अंबाबाईला जा, देवीच्या अंगावरचे अलंकार मुलांना नीट बघू द्या. ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते, तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडतात. ते बघून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी पिठाचा कोहळा करतातच. काय करू, असं मग ती विचारायला येत नाहीत.

४. सगळ्यात लहान मुलांना आषाढ-श्रावणात बसवा.

आषाढी अमावास्येला दिव्यांची पूजा, त्यानंतर पाचव्या दिवशी नागपंचमी. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, अशी जुनी रीत आहे. म्हणून त्या दिवशी पुरणाची दिंडं करतात: कणकेची पारी लाटायची, मधे पुरण ठेवायचं, चारी बाजू दुमडून चौकोनी पुडी करायची आणि वाफवायची. सुरी नाही आणि तेलाची कढई नाही, त्यामुळे चार वर्षांचं मूलसुद्धा पहिल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत स्वतः करू शकतं. पुरण घरात आधी शिजवून ठेवलं की झालं. दुमड नीट बसली नाही तर वाफेत पुरण बाहेर डोकावतं. तूप घातलं की त्या दिंडाचीही चव तीच.

अमावास्येचे कणकेचे दिवे त्याहून सोपे. गुळाच्या पाण्यात कणीक मळायची, लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा करायचा, कडेला चिमटा काढून वातीचं टोक करायचं. भिंत जाड ठेवावी. पातळ भिंतीला वाफेत चीर जाते आणि तूप गळतं. वाफवून झाले की तुपाची वात लावायची, पूजा करायची आणि वात विझली की तोच दिवा वरून तूप घालून खायचा. एवढा वेळ जळत होता तो दिवा आपण खाल्ला, याचं लहान मुलांना जे अप्रूप वाटतं ते बघण्यासारखं असतं.

५. पाकापाशी मोठ्यांनी बसायचं, दोऱ्यापाशी मुलांनी.

साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि अंगाला चिकटून बसतो. त्यामुळे हलवा आणि पाडव्याच्या माळा घरी करायच्या तर कामं वाटून घ्यावी लागतात.

हलव्याला जानेवारीची कोरडी थंडी हवी, दमट हवेत काटा धरत नाही. परातीत भाजलेले तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, खाली अगदी मंद आच, वरून चमचा-चमचा एकतारी पाक सोडत दाणे बोटांनी सारखे फिरवत राहायचं. प्रत्येक थर वाळला की मगच पुढचा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना धरतात आणि गठ्ठा होतो. हे काम दिवसचे दिवस चालतं, ते मी आणि माझी जाऊ करतो. मुलांच्या वाट्याला दागिने. हलव्याला सुई टोचत नाही, म्हणून काट्यांच्या मधून दोऱ्याचा फास घालून दाणा आवळायचा. बाळाचा मुकुट, बासरी, कंबरपट्टा, सुनेचं मंगळसूत्र, बाजूबंद असं सगळं पुठ्ठा, जरीची फीत आणि दोरा यांवर उभं राहतं. जो हलवा उरतो तो बोरन्हाणात बोरं, चिरमुरे, उसाच्या करव्यांबरोबर बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि वेचायला पोरांची झुंबड उडते.

पाडव्याच्या माळेसाठी वाट्यांना तूप लावून त्यांत दोरा आडवा ठेवायचं काम मुलांचं. पाक आटवून, ढवळून पांढरट व्हायला लागला की मोठ्याने ओतायचा.

६. गूळ ओळखता आला पाहिजे.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो गूळ जिथे होतो तिथे राहून मुलांना गूळ म्हणजे पिवळी ढेप एवढंच माहीत असावं, हे मला पटत नाही. हिवाळ्यात गुऱ्हाळ चालू असताना त्यांना घेऊन जा. चुलवाणावरची काहील, रस निवळायला घालतात तो भेंडीचा चीक, काकवी, वाफ्यात घोटला जाणारा गूळ, सगळं दाखवा. गुळव्या पाक झाला की नाही ते डोळ्यांनी ओळखतो. फार पिवळाधमक गूळ बहुधा पावडरीने उजळलेला असतो. खायला तांबूस-काळपट बघून घ्यावा.

घरी करायचं तर साधा गूळ लाडवाला आणि पोळीला, चिक्कीचा गूळ चिक्कीला. चिक्कीच्या पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकायचा, बाहेर काढून ताटलीवर आपटायचा आणि टण्ण वाजला की दाणे घालायचे. वाटी आणि ताटली मुलांकडे द्या. एकदा तो आवाज कळला की मला पुन्हा विचारावं लागत नाही, आतून आरोळी येते, “वाजलं!”

७. हादग्याची खिरापत कानाने ठरवा.

सूर्य हस्तात गेला की सोळा दिवस हादगा. भिंतीवर हत्तीचं चित्र, त्याला फळांची माळ, समोर फेर आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. ओळखता येऊ नये यातच सगळी गंमत. शेंगदाण्याचा लाडू धपधप वाजतो, फुटाणे खुळखुळतात, दोन्ही लगेच ओळखू येतात. फसवायचं असेल तर डब्यात तळाशी फडकं घाला, नाहीतर एका डब्यात दोन पदार्थ ठेवा. वड्या आणि चिरमुरे एकत्र असले की भलेभले चुकतात. काय करायचं ते मुलींनाच ठरवू द्या आणि घरातल्यांनी तोंड बंद ठेवावं. आता आमच्या फेरात मुलगेही असतात.

माळेला कागदाची फळं करण्यापेक्षा खरी ओवा: लिंबू, मिरच्या, चिंचेचे आकडे, लहान वांगी, कारली. दाभण मोठ्याने धरायचं.

८. बेंदराला कडबोळ्यांपासून सुरुवात करा.

हात वळवायला शिकवणारा याहून चांगला पदार्थ मला माहीत नाही. भाजणीची वळी करायची, टोकं जुळवायची, झालं. कुंभारगल्लीतून मातीची बैलजोडी आणतो, तिच्या शिंगांत बसतील एवढी चिमुकली कडबोळी पोरं करतात. आणि खऱ्या बैलासाठी मोठी, गावाकडे दिराच्या गोठ्यात पाठवायला.

९. वाकडं झालं तरी मोठ्यांनी हात लावायचा नाही.

फुलोरा ओवताना सुबक तुकडे पुढे आणि बेडौल मागे असं मी करू देत नाही. ज्या क्रमाने तळून निघाले त्या क्रमाने ओवायचे. मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांची वेणी मोडून पुन्हा घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पुढच्या वर्षी ती मुलं पिठाला शिवत नाहीत.

१०. माळ उतरवायचीही तयारी ठेवा.

अश्विनात कोल्हापुरात पाऊस परत येतो आणि टांगलेल्या कडाकण्या सादळतात. म्हणून मंद आचेवर पुरत्या कडक तळाव्यात, गार झाल्याशिवाय ओवू नयेत आणि निम्म्या आधीच घट्ट डब्यात भरून ठेवाव्यात. दसऱ्याला माळ उतरवली की वाटायचं काम पोरांचं. सादळलेल्या कडाकण्या मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये थोड्या गरम करून गार होऊ दिल्या की पुन्हा कुरकुरीत होतात. ज्याने जे केलं ते त्याने स्वतः खायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं, असा नियम सासूबाईंनी घालून दिलेला आहे. त्यावरून दर वर्षी भांडणं होतात, कारण फणी सगळ्यांना हवी असते आणि करंडा कुणालाच नको असतो. करंडा मी घेते, चहात बुडवून खायला तो जाड असल्यामुळे चांगला लागतो.