मुलाखतीत समोरच्यांचा कल कसा ओळखावा?

प्रश्न : पवित्र पोर्टलमार्फत एका खासगी अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुलाखतीसाठी माझी निवड झाली आहे. मुलाखतकारांच्या मनातले कसे ओळखावे? शाळा मला मानवेल का, हे कसे ठरवावे?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : चेहरे वाचण्याच्या भानगडीत पडू नका. मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून 30 गुण असतात. तुम्ही पाठ घेत असताना एखादे सदस्य मान खाली घालून लिहीत असतील, तर ते बहुधा गुण भरत असतात. ती नाराजी समजू नका.

लक्ष ठेवा प्रश्नांवर. एकाच मुद्द्यावर उपप्रश्न आला, तर उत्तर अपुरे वाटले आहे किंवा त्यात रस निर्माण झाला आहे. दोन्ही वेळा वर्गातला एखादा प्रत्यक्ष प्रसंग सांगा. ‘‘माका कळला नाय’’ म्हणणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीकडे कसे न्याल, असे विचारले, तर व्याख्या नको, कृती सांगा.

शेवटी तुम्हीही विचारा : आठवड्याला तासिका किती, विषय कोणते, प्रयोगशाळा वापरात आहे का? उत्तर मुख्याध्यापक मोकळेपणाने देतात की संस्थाचालकांकडे बघतात, हे पाहा. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षे दरमहा 18,000 रुपये मानधनावर काढायची आहेत. घरभाडे, प्रवास यांचा हिशेब आधीच मांडा.

आणि देणगीची भाषा निघाली, तर ती शाळा तुमची नव्हे. तिथून निःशंक मनाने उठा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा.