पद्मिनीची काच खडखडते? खिशातून किती जाईल

दार आपटलं की आत काच धडकते. खड्ड्यात चाक गेलं की खडखडते. हँडल फिरवलं तर एक कोपरा वर येतो आणि दुसरा खालीच राहतो. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर अजून जिवापाड जपणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. नगर-मनमाड रस्त्यावर ज्यांची गाडी रोज धावते, त्यांची तर हमखास. अशा वेळी कुणी ‘दारच बदलू, भंगारातून आणून देतो’ म्हणालं तर लगेच होकार देऊ नका. बहुतेक वेळा दुखणं काचेचं नसतंच. काचेला धरून ठेवणाऱ्या किरकोळ मालाचं असतं.

गॅरेजला जाण्याआधी घरीच तपासा. काच अर्धी खाली घ्या आणि वरची कड धरून आत-बाहेर हलवा. खुळखुळली तर उभ्या चॅनलमधला फेल्ट झिजलाय. मग पुढे-मागे ढकला. तिरकी झाली तर खालच्या पत्र्याच्या पट्टीतून ती सुटलीय. हँडल रिकामंच फिरत असेल किंवा मधेच कटकट वाजत असेल, तर काचेच्या मशीनचे दात गेलेत. पद्मिनीच्या पुढच्या दाराची तिकोनी काच वाऱ्याने आपोआप फिरते का, तेही बघून ठेवा. तिथे बहुधा खालच्या खिळीवरची स्प्रिंग आणि नट आवळण्यापुरतंच काम असतं.

फेल्टपासून सुरुवात करा. आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, वर्षातले बरेच महिने ऊन आणि धूळ. उन्हाने रबर कडक होतं आणि फेल्टमध्ये बसलेली रेती काचेवर उभ्या रेघा ओढत राहते. एका दाराचा फेल्ट चॅनल आणि आतली-बाहेरची रबरी पट्टी यांना ५०० ते १,००० रुपये धरा, बसवायच्या मजुरीला ४०० ते ८००. चारही दारं एकदम करायला दिली तर मजुरीत घासाघीस करायला वाव असतो. नव्या फेल्टला ग्रीस किंवा तेल लावू देऊ नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो.

खालच्या पट्टीतून काच सुटली असेल तर मालाला दोन-तीनशेच्या वर लागत नाहीत, पण काम नाजूक आहे. डोअर पॅड काढून काच बाहेर घ्यायची. पट्टी काचेच्या कडेपासून किती अंतरावर होती त्याची मार्करने खूण करायची, नाहीतर बसवल्यावर काच तिरकी चालते. पट्टीतला गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. नवं रबर साबणाच्या पाण्यात भिजवून काचेच्या कडेवर चढवायचं आणि मधे लाकडी ठोकळा धरून पट्टी हलक्या हाताने ठोकत बसवायची. लोखंडी हातोडी थेट पट्टीवर पडताना दिसली तर तिथेच थांबवा. टफन्ड काच वरून कितीही दणकट असली तरी तिची कड नाजूक असते. कडेला नेमका घाव बसला की अख्खी काच क्षणात दाण्यादाण्यांनी खाली येते. एम-सील भरून पट्टी चिकटवायलाही नको म्हणा. पुढच्या वेळी ती काच शाबूत निघणार नाही.

मशीन गेली असेल तर खर्च वाढतो. आधी रोलर आणि बुश बघायला सांगा. नायलॉनचं बुश लेथवर वळवून घेता येतं आणि नागापूर एमआयडीसीच्या परिसरात असलं काम दोन-तीनशेत व्हायला हवं. दातच झिजले असतील तर जुन्या मशीनला ८०० ते १,५०० रुपये धरा. ती पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईला कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत शोधायची. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. भंगारातून भाग मिळण्याचा मोठा झरा त्याबरोबर आटू लागला. म्हणून चांगली मशीन हाती लागली तर डावी-उजवी दोन्ही घेऊन ठेवा. एका बाजूची दुसऱ्या बाजूला बसत नाही, घेताना तेवढं बघा.

काच खरोखरच फुटली असेल तर १,५०० ते ३,००० रुपयांची तयारी ठेवा. फ्रेमवाल्याकडून खिडकीची साधी काच कापून बसवायचा मोह होतो, कारण ती तीन-चारशेत मिळते. तसं अजिबात करू नका. अपघातात तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १०० नुसार सुरक्षा काचच लागते. बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के प्रकाश जायला हवा. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही. त्यामुळे फुटलेल्या काचेचा पुठ्ठ्याचा नमुना आधी काढून द्यायचा. त्यावरून काच कापतात, कडा घासतात आणि मगच भट्टीत टाकतात. दुसऱ्या बाजूची काच शाबूत असेल तर नमुना तिच्यावरून काढा आणि उलटवून वापरा.

जुनी कंपनीची काच अंगावर एखादी रेघ असली तरी टाकू नका. ‘पद्मिनी’ हे नाव या गाडीला १९७४ मध्ये मिळालं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांना पन्नास वर्षं झाली. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची खासगी गाडी, मूळ रूपात आणि मोठा बदल न करता ठेवलेली असेल, तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. एवढ्या योग्यतेच्या गाडीचं दार कापून त्यात दुसऱ्या गाडीची पॉवर विंडो बसवणं मला तरी पटत नाही.

दार उघडलंच आहे तर तळाची पाणी जाणारी भोकं स्क्रूड्रायव्हरने मोकळी करून घ्या. त्याचे वेगळे पैसे कुणी मागू नयेत. ती तुंबली की पाणी आत साचतं आणि नवी पट्टीही दोन पावसाळ्यांत गंजते. पैसे देण्याआधी काच अर्धी ठेवून दार दोनदा आपटा, मग खराब रस्त्यावर एक चक्कर मारून या आणि काढलेले जुने भाग मागून घ्या.