‘तेन्सांव’ म्हणजे टेन्शन नव्हे

प्रश्न : मुलगा लिस्बनला नोकरीला आहे. त्याच्या तपासणीच्या कागदावर ‘तेन्सांव’ आणि ‘सोप्रू’ असं लिहिलंय. काळजीचं आहे का?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ‘तेन्सांव आर्तेरियाल’ म्हणजे आपलं बीपी, मनावरच्या ताणाशी त्याचा संबंध नाही. तिकडे १२०/८० ला बोलताना ‘१२-८’ही म्हणतात, तेव्हा आकडा ऐकून दचकू नका. ‘सोप्रू’चा मूळ अर्थ फुंकर. ठोक्यांबरोबर स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा तो वेगळा आवाज. पुष्कळदा तो निरुपद्रवी असतो. तरी झडपा तपासायला टूडी इको लागेल का, हे त्याने डॉक्टरांना विचारावंच. खरा धोक्याचा शब्द ‘एन्फार्त’, म्हणजे हार्ट अटॅक. छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर अर्थ शोधत बसू नये. लगेच ११२ लावावा. तिथेही हाच क्रमांक आहे.